रावसाहेबांचा कोपरा

ही गोष्ट आठवली की आधी मला रावसाहेबांचा राग येतो. तो पुरेसा चघळून झाला की स्वतःचा येतो, आणि तो काही केल्या संपत नाही.

एकोणीसशे तिसानंतरची वर्षं. मी नाशकातल्या एका वाचनालयाचा चिटणीस होतो. इमारत एकमजली, भिंती मातीत रचलेल्या जुन्या विटांच्या. वर व्याख्यानांसाठी दिवाणखाना हवा, असं अध्यक्षांनी मनात घेतलं. हे अध्यक्ष म्हणजेच रावसाहेब. सरकारने पदवी दिल्यापासून त्यांना जमिनीलगतच्या सभा मानवत नव्हत्या. काळ्या दगडाच्या खडीचा स्लॅब या भिंतींना पेलणार नाही, असं इंजिनियरने बजावलं आणि उपायही सांगितला: नाशिक रोड स्टेशनवर इंजिनांच्या भट्टीतून निघते ती जळकी खडी वापरा. कोळसा जळून उरलेले, भोकाभोकांचे खडे. ओंजळभर घेतले तरी हाताला वजन जाणवत नसे.

काम एका मुसलमान मिस्त्रींकडे होतं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मुंबईत त्यांनी अशा खडीचं काम केलं होतं. आमच्या गावात दुसऱ्या कोणी ती हातातही धरली नव्हती. खडीच्या बैलगाड्या आल्या त्या समारंभाच्या आदल्या दुपारी. मिस्त्रींनी एक खडा पाण्याच्या बादलीत टाकला. बराच वेळ त्यातून बुडबुडे येत राहिले.

"साहेब, ही खडी लय तहानलेली हाय," ते रावसाहेबांना म्हणाले. "कोरडी घातली तर सिमेंटचं पाणी हीच पिऊन बसंल. माल बसणार नाय, पोकळ राहील. दोन दिवस भिजत घालू, मग ओतू."

"दोन दिवस? मुहूर्त उद्याचा आहे. पाहुणे पुण्याहून निघालेत."

"मुहूर्त तुमचा, साहेब. स्लॅब माझा."

"अरे मिस्त्री, ही खडी आहे का हरभरे? भिजवून मोड आणायचेत काय?"

सगळी कमिटी हसली. मीही हसलो. विनोद बरा होता, हीच तर पंचाईत.

मिस्त्रींकडे दोन रिकामी पिंपं होती. त्यांत मावेल तेवढी खडी त्यांनी लगेच भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी पिंपांतली भिजकी खडी त्यांनी पहिल्यांदा कालवली. रावसाहेबांनी चांदीची थापी घेऊन ईशान्येच्या कोपऱ्यात पहिलं घमेलं रिकामं केलं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. तो कोपरा पिंपं संपेपर्यंत मिस्त्रींनी स्वतः ठासून भरला. मग कोरडी खडी सुरू झाली. माल घमेल्यातच घट्ट होऊ लागला. मिस्त्री वरून पाणी शिंपडत धावत होते. खाली मांडवात रावसाहेब 'विज्ञान आणि आपण' या विषयावर बोलत होते. विज्ञानाबद्दल त्यांचं मत चांगलं होतं.

तीन आठवड्यांनी फळ्या काढल्या. स्लॅबच्या खालच्या अंगाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं, कुठे कुठे तर सळया उघड्या. फक्त ईशान्येचा कोपरा सलग आणि गुळगुळीत.

रावसाहेबांनी मान वर करून तो पाहिला. "बघा," ते म्हणाले, "जिथे आमचा हात लागला तिथे काम पक्कं. बाकी सगळं मिस्त्रीने नासलं."

मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. सभेत मी म्हणालो, "मिस्त्रींनी दोन दिवस मागितले होते." रावसाहेब म्हणाले, "ते हरभऱ्याचं ना?" पुन्हा हशा. मी खाली बघून इतिवृत्तात लिहिलं: 'मिस्त्रींच्या हलगर्जीपणामुळे काम निकामी झाले.' अक्षर माझं, सही माझी.

गावभर बोभाटा झाला. मिस्त्रींना कोणी साधी ओसरीही बांधायला देईना. महिन्याभराने ते माझ्याकडे आले. मनमाडला एका ओव्हरसियरला अशाच हलक्या काँक्रीटचा माणूस हवा होता, पण नाशकाची बातमी त्याच्या कानावर गेली होती. "खडी भिजवायला मी सांगितलं होतं, एवढंच लिहून द्या, साहेब. तुम्ही तिथं होता."

वाचनालयाचा कागद आणि शिक्का वापरायला रावसाहेबांनी साफ नकार दिला. मी साध्या कागदावर, चांगल्या सहा ओळींत, माझ्या नावाने लिहून दिलं. मिस्त्रींनी कागद उलटसुलट केला.

"शिक्का नाय?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि कागद खिशात घातला.

आठवड्याने ते ओव्हरसियरलाच घेऊन आले. स्लॅब फोडायचं काम चालू होतं, पण तो कोपरा रावसाहेबांच्या हुकमाने, खाली टेकू देऊन, जपून ठेवला होता; शेजारच्या भिंतीत 'शुभहस्ते' कोरलेला दगडही बसवला होता. ओव्हरसियरने दगडाकडे पाहिलंही नाही. त्याने कोपऱ्यावर हातोडी मारली. खणखणीत आवाज आला. मग फुटलेल्या भागातला एक तुकडा उचलून दोन बोटांत चुरडला.

"हे कोरडं, आणि ते भिजवलेलं?" त्याने मिस्त्रींना विचारलं.

"व्हय साहेब. दोनच पिंपं होती."

"सोमवारी मनमाडला या."

ज्ञानाचं भांडार म्हणवणाऱ्या आमच्या कमिटीत हा एक प्रश्न कोणाला विचारता आला नव्हता.

निघताना मिस्त्रींनी खिशातून माझा कागद काढला, नीट उलगडला आणि माझ्या हातात दिला.

"ठेवा, चिटणीससाहेब," ते म्हणाले. "मागची बाजू कोरी हाय. सभेच्या वेळी कामाला येईल."