आधी तिला उतरवा

मला चांगला माणूस समजून हे वाचायला बसला असाल, तर तो समज आधी बाजूला ठेवा. जे सांगणार आहे ते बायकोला माहीत नाही, आईला माहीत नाही. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनाही ते कळलं नाही. आणि त्यांना कळणार तरी कसं? कागदावर मी बरोबर होतो. आमच्याकडे म्हणतात तसं — बिलकुल बराबर.

मी हवाई वाहतूक नियंत्रक आहे. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून कुठलं विमान आधी उतरेल, कुठलं थांबेल, हे रेडिओवर सांगणारा माणूस. गाव भोकरदन तालुक्यातलं, जाफराबादच्या रस्त्याला. घरची जमीन आहे, बागायत आहे, गावात नाव आहे. मला तिथं ‘विमानवाले संतोषराव’ म्हणतात. ऐकायला बरं वाटतं — पण मला विमानवाला व्हायचं होतं ते वेगळ्या अर्थानं. मला पायलट व्हायचं होतं.

झालो नाही. गावात सांगितलं, डोळ्यांचा नंबर आडवा आला. खोटं. डोळे चांगले आहेत. प्रशिक्षणाला गेल्तो, थोडे दिवस काढलेही, पण विमान कलतं झालं की माझे हात गार पडायचे आणि पोटातलं सगळं वर यायचं. शेवटी मास्तरांनीच खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘बेटा, दुसरं काहीतरी बघ.’ मी दुसरं बघितलं. तेही वाईट नव्हतं. मंग मला एवढं कशाचं लागलं होतं?

प्रज्ञाचं लागलं होतं. लिहूनच टाकतो. प्रज्ञा खरात. आमच्याच गावची, भीमनगरातली. तिचे वडील खरात सर जाफराबादला शाळेत गणित शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवलं. ती पायलट व्हायला गेली, शिष्यवृत्तीवर, आणि तिचे हात गार पडले नाहीत. गावाच्या ग्रुपवर तिचा फोटो आला — लहानसं पांढरं विमान, पंखाला टेकून उभी असलेली ती, वाऱ्यानं केस तोंडावर आलेले. आईनं तो फोटो मला जेवताना दाखवला. म्हणाली, “त्यायची पोरगी विमान चालवून राह्यली, अन् तू खालून बघतो.” त्यात ‘त्यायची’ हा शब्द आईनं कसा उच्चारला, ते इथं लिहून दाखवता येत नाही. तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला ऐकू आला असेल.

मी आईवर चिडलो नाही. खरं सांगायचं तर आई जे बोलली तेच माझ्या मनात होतं.

एकदा तिच्या प्रशिक्षण संस्थेची मुलं मनोरा बघायला आली. त्यांत ती होती. सगळ्यांसमोर सरळ माझ्याकडे आली. “दादा, तुम्ही आपल्याच गावचे ना? मी खरात सरांची.” तोंडभर हसत होती. माझे सहकारी बघत होते. मी म्हणालो, “कोणतं गाव?” एवढंच. तिचं हसू जरा वेळ तसंच राहिलं, मग उतरलं. ती गेल्यावर एकजण म्हणाला, ‘तुमच्या गावची पोर चांगली तयार दिसते.’ तिचा आवाज मात्र डोक्यात राहिला — जाफराबादकडचा हेल, इंग्रजी बोलतानाही शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा.

आता त्या दिवसाचं सांगतो.

सीमेवर बरेच दिवस धुसफूस चालली होती. त्या दुपारी ती पेटली. उन्हाळा होता, बाहेर वावटळी उठत होत्या. वरून आदेश आला — देशाच्या एवढ्या एवढ्या भागातलं आकाश रिकामं करा, नागरी विमानं जवळच्या विमानतळावर उतरवा. एरवी आमच्याकडे दिवसाला मोजकी विमानं. त्या दिवशी पडद्यावर ठिपक्यांमागून ठिपके यायला लागले. मुंबईला चाललेलं, दिल्लीहून निघालेलं, कुठून कुठून परत फिरवलेलं — सगळं आमच्या एका धावपट्टीकडे.

मी नोकरीत जे काही चांगलं बघितलं, त्यातलं बरंचसं त्या दुपारी बघितलं. आमच्या वरिष्ठ देशपांडे मॅडम उभ्यानं काम करत होत्या, आवाज जराही न चढवता. सुट्टीवरचे दोघं न बोलावता आले, एक तर घरच्या चपलांवर. आणि पायलट लोक! एरवी दोन मिनिटं थांबा म्हटलं तर कुरकुरणारी माणसं. त्या दिवशी कुणी एक शब्द जादा बोललं नाही. का, कशासाठी, काय झालं — कुणी विचारलं नाही. सांगितलं तिकडे वळले. माझं इंधन पुरेल, त्याला आधी घ्या — असं आपण होऊन सांगत होते. कुणाच्या घरची माणसं सीमेकडच्या गावांत असतील, कुणाचा भाऊ फौजेत असेल. आवाजावरून काही कळत नव्हतं.

आणि या सगळ्यात मी होतो. माझंही काम चोख चाललं होतं. त्याचा अभिमान वाटत होता, तोही सांगतो.

तेवढ्यात तो आवाज आला.

रेडिओवर कुणी स्वतःचं नाव सांगत नाही, विमानाची अक्षरं सांगतात. एक लहान शिकाऊ विमान, आत एकटी विद्यार्थिनी. सरावाच्या फेरीवर निघाली होती आणि आदेश आला तेव्हा हवेत होती. तिची मूळ धावपट्टी लहान, आखूड. तिथं आडवा वारा सुटलाय, असं तिला कळवलं होतं. तिनं विचारलं, तुमच्याकडे उतरू का? तुमची धावपट्टी लांब-रुंद आहे, वाऱ्याला धरून आहे.

शब्दाच्या शेवटी हेल वर गेला.

मी सांगितलं — जागा नाही, मूळ धावपट्टीवर परत जा.

जागा होती. पुढचं मोठं विमान अजून लांब होतं. लहान विमान त्याच्याआधी उतरून बाजूच्या पट्ट्यावर जाऊन उभं राहिलं असतं. थोडं अंगावर आलं असतं, पण बसलं असतं. त्या दुपारी आम्ही याहून अवघड गोष्टी बसवल्या होत्या.

तिनं पुन्हा विचारलं. शिकाऊ पोरं दुसऱ्यांदा विचारत नाहीत, घाबरतात. तिनं विचारलं — वारा जास्त आहे, मी तुमच्या जवळ आहे. आणि तेव्हा त्याच मोठ्या विमानाचा कॅप्टन मध्ये बोलला. प्रौढ, थकलेला आवाज. म्हणाला, “आधी तिला उतरवा. मी एक फेरी मारतो, माझ्याकडे इंधन आहे.”

भरलेलं विमान घेऊन येणारा माणूस, देशावर संकट आलेलं, आणि तो एका अनोळखी पोरीसाठी थांबायला तयार होता. मी तिला ओळखत होतो.

मी त्याला म्हणालो, नको, तुम्ही या. आणि तिला तोडून सांगितलं — रेडिओ मोकळा ठेवा, मूळ धावपट्टी.

ती म्हणाली, ‘समजलं.’ मराठीत नाही, इंग्रजीत, नियमात असतं तसं. आणि वळली. देशपांडे मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं. दुसऱ्या फोनवर होत्या त्या. पुढचं विमान आलं, त्याच्या पुढचं आलं, बघणं तिथंच राहिलं.

तिनं तिकडे एकदा प्रयत्न केला, वाऱ्यानं बाजूला सारलं, पुन्हा वर गेली. दुसऱ्यांदा चाक टेकलं आणि पंख उचलला गेला. विमान धावपट्टी सोडून शेजारच्या नांगरटीत घुसलं, ढेकळांत उलटं झालं. ती जगली. कमरेचं हाड आणि डावा पाय गेला — म्हणजे पाय आहे, पण विमान चालवण्याजोगा नाही.

चौकशी झाली. रेकॉर्डिंग ऐकलं गेलं. एका साहेबांनी विचारलं, कॅप्टन थांबायला तयार होता, तर का नाही थांबवलं? मी म्हणालो, मागे रांग होती, प्रवासी विमानांना प्राधान्य होतं, आणि विद्यार्थिनीनं संकट जाहीर केलं नव्हतं. तिन्ही गोष्टी खऱ्या. त्यांनी मान हलवली. अशा दिवशी खाली बसलेल्या माणसाला कोण दोष देणार? मी कुणाला ओळखत होतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. रेकॉर्डिंगमध्ये आवाज असतो. ऐकणाऱ्याच्या पोटात काय चाललंय ते नसतं.

मी ओळखत होतो का, ते खरात सरांनी विचारलं.

मी सुट्टीत गावी गेल्तो. ते दारात आले. मी या म्हणालो. ते पायरीच्या खालीच थांबले.

“बसायला आलो न्हाई, संतोषराव. एकच विचारायचंय. त्या दिवशी वर आपली प्रज्ञा हे, ते तुम्हाला माहीत होतं का?”

कधीकाळी या माणसानं फळ्यावरचं माझं उत्तर पुसून मला गणित पुन्हा मांडायला लावलं होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “न्हाई सर. माहीत असतं तर आधी तिलाच उतरवलं असतं.”

हे दुसरं वाक्य बोलायची गरज नव्हती. ‘न्हाई’ पुरलं असतं. पण मला चांगलं दिसायचं होतं — त्यांच्यासमोरसुद्धा. ते म्हणाले, “म्हणजे गावची नसती, तर न्हाई?” आणि गेले. मागून आईचा आवाज आला, “डोक्यावर चढल्ती, देवानं खाली आणलं.” मी आईला गप्प केलं नाही. आत जाऊन चहा प्यालो.

गावात मग गोष्ट फिरली ती अशी — पोरगी घाबरली, तिला ऐकू आलं न्हाई, बायामाणसांचं काम न्हाई ते. काहीजण ‘बायामाणसांचं’ म्हणत नव्हते, दुसरंच म्हणत होते. पारावर माझ्यासमोर बोलणं निघालं तेव्हा एकानं विचारलं, “खरंच घाबरल्ती का हो ती?” मी म्हणालो, “नवीन होती.” बघा, यातही खोटं काही नाही. मी असाच आहे. खरे शब्द वेचून खोटं बांधतो.

पुढच्या झेंडावंदनाला शाळेत माझा सत्कार ठेवला. देशावर वेळ आली तेव्हा आपल्या गावचा माणूस कसा उभा राहिला, वगैरे. सरपंच बोलले. मी शाल घेतली, चार शब्द बोललो, कर्तव्य हा शब्द वापरला. टाळ्या वाजल्या. मागच्या भिंतीला टेकून, काठी धरून, प्रज्ञा उभी होती. कार्यक्रम संपल्यावर लोक जिलबीकडे वळले आणि ती माझ्याकडे आली, हळू, पाय ओढत. हसत नव्हती.

“दादा, कॅप्टन थांबतो म्हणाला ते मी ऐकलं होतं.”

“नियम होता प्रज्ञा. तू शिकलेली हेस, तुला —”

“नियम मला माहीत हे. तुम्ही माझा आवाज ओळखला होता का?”

आजूबाजूला पोरं, शिक्षक, माझे चुलते. मी म्हणालो, “न्हाई.”

“आत्ता जसं बोलले ना, तोडून — त्या दिवशी बी बराबर असंच बोलले होते,” ती म्हणाली. “तुम्हीच बोलताय अन् मला ओळखलंय, ते मला वर असतानाच कळलं होतं. मंग मी तिसऱ्यांदा विचारलं न्हाई. तुम्हाला कशाला विचारू?”

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. लोकांनी तिला वेडी ठरवलं असतं. तिनं काठी पुढं टाकली आणि निघाली. ती फाटकाबाहेर पोचायच्या आत हेडमास्तरांनी मला फोटोसाठी हाक मारली. मी शाल नीट केली आणि मधोमध उभा राहिलो.

ओळखला होता. पहिल्या शब्दाला ओळखला होता. आदेशाचा गोंधळ नव्हता, रांगेचा नव्हता, इंधनाचा नव्हता. ती खाली उतरून, हेल्मेटबिल्मेट काही नसलेली, केस मागं सारत माझ्या मनोऱ्याखालून चालत जाईल आणि कुणीतरी म्हणेल, काय धीराची पोर आहे तुमच्या गावची — ते मला नको होतं. तिनं मरावं असं वाटलं होतं का? नाही. पण तिला त्रास व्हावा, तिचेही हात एकदा गार पडावेत, एवढं मात्र वाटलं होतं. साऱ्या देशाचा श्वास अडकला होता त्या क्षणी मी हे मनात आणलं. आणि ती भीमनगरातली नसती तर आणलं असतं का? तुम्ही म्हणाल, कोण जाणे. मी जाणतो. नसतं आणलं.

तिला आता परवाना मिळणार नाही. ती जाफराबादला मुलांच्या शिकवण्या घेते, जीपनं जाते-येते. खरात सर रस्त्यात दिसले तर नजर चुकवत नाहीत, उलट रोखून बघतात. मीच बाजू बदलतो. मला त्या दिवसाच्या कामाबद्दल बढती मिळाली. उद्या सकाळी माझी पाळी आहे.