डाव्या हाताचा सूर्य

साधना विधातेला राग आला की ती बोलत नसे, पेन्सिलींना टोक करत बसे. ऑफिसात कॉम्प्युटर येऊन पाच वर्षं झाली, पेन्सिलींचं काम संपलं, तरी तिच्या टेबलावरचा डबा टोकदार पेन्सिलींनी भरलेलाच असायचा. यावरून काय ते समजावं. २००४च्या डिसेंबरात तर त्या डब्यात जागा उरली नाही.

आयटीआयतून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून १९९३ला ती खंडेराव कोठावदे बिल्डरांकडे लागली. बांधायच्या आधी इमारत कशी दिसेल त्याचं रंगीत चित्र काढायचं, हे तिचं काम. हात असा बसला होता, की तिने रंगवलेल्या काचेत आभाळ दिसायचं. कोर्सच्या सरांनी एक नियम शिकवला होता: उजेड नेहमी डावीकडून, वरून यायचा आणि सावली उजवीकडे पडायची. इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे सरांनी कधी विचारलं नाही आणि वर्गातल्या कुणालाही ते विचारावंसं वाटलं नाही. नाशिकमधल्या सगळ्याच चित्रांत तेव्हा सूर्य डाव्या हाताला उगवायचा. साधनाने अकरा वर्षं तो तिथेच उगववला. कॉम्प्युटर आल्यावरही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती सवयीने दिवा डावीकडेच ठेवायची.

ते सॉफ्टवेअर आता म्हातारं झालं होतं. कोठावद्यांनी सांगितलं, नवं घेऊ, कुठलं ते साधनाताईंनी ठरवावं. पुण्याहून ज्ञानेश नावाचा विक्रेता दोन सीड्या घेऊन आला. पहिलं सॉफ्टवेअर झटपट होतं, दिवा मनाला येईल तिथे ठेवता येई. दुसरं फार संथ होतं, एका पुऱ्या चित्राला आख्खा दिवस खायचं. पण त्याला गाव, दिशा, तारीख आणि वेळ सांगितली की सूर्य ते स्वतःच ठेवी. त्याला हाताने ढकलायची सोय नव्हती.

करून बघायला एखादी इमारत द्या, असं ज्ञानेश म्हणाला. साधनाने 'सूर्यगंगा' दिली. मखमलाबाद रस्त्यावरची ती इमारत तिला खिडकीन् खिडकी पाठ होती. १९९६ला तिनेच तिचं चित्र रंगवलं होतं आणि तिची भागीआत्या त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होती. रस्ता उत्तरेला, म्हणून इमारतीचं तोंडही उत्तरेला. ज्ञानेशने नाशिक टाकलं, डिसेंबर टाकला, सकाळचे दहा टाकले.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर इमारतीचा सगळा पुढचा भाग राखाडी दिसत होता. साधनाने नुसत्या सावल्यांच्या कच्च्या चित्रांत जानेवारी टाकायला लावला, मग मार्च, मग ऑक्टोबर. आत्याच्या बाल्कनीत उन्हाचा ठिपकाही पडेना. मे महिना टाकला तेव्हा सकाळी वीतभर तिरीप आली आणि लगेच गेली. ज्ञानेश सॉफ्टवेअरचं कौतुक करत होता. साधनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

भागीआत्याने तीस वर्षं फुलबाजारात झेंडू आणि मोगरा विकला होता. दुखरे गुडघे उन्हात शेकावेत आणि चार कुंड्यांत मोगरा लावावा, एवढ्यासाठी तिने घर घेतलं. साधनाच्या चित्रावर बोट ठेवून घेतलं. मागच्या बाजूला, दक्षिणेला, तसाच फ्लॅट रिकामा होता. तिथे दिवसभर ऊन होतं, पण मागच्या बाजूचं चित्र कुणी काढलंच नव्हतं. राहायला आल्यापासून सहा वर्षांत आत्याच्या मोगऱ्याला कळी धरली नाही आणि साधना दर भेटीत तिलाच बोल लावायची: पाणी जास्त घालतेस, खत वेळेवर घालत नाहीस. आता तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

कोठावद्यांना तिने सगळं दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही, तिला त्याचाच जास्त संताप आला. नव्या प्रकल्पातही निम्मे फ्लॅट उत्तरमुखी होते. ते चष्मा पुसत म्हणाले, "ताई, पहिलंच घ्या. सूर्य आपल्या हातात असलेला बरा."

"भाऊ, त्या घरांत माणसं राहणार आहेत."

"राहतातच की. कुणाची तक्रार आलीय का?"

तक्रार आली नव्हती, हे खरं होतं. साधना टेबलाशी आली आणि पेन्सिलींना टोक करू लागली. शेवटच्या पेन्सिलीचं शिस तिने मुद्दाम मोडलं.

रविवारी सकाळी ती सूर्यगंगात गेली. आत्या घरात नव्हती. खाली फाटकाजवळ, स्कूटरींच्या रांगेत जरा ऊन यायचं, तिथे पोतं अंथरून गुडघे धरून बसली होती. ऊन सरकलं की पोतं सरकवायची. साधना तिच्याशेजारी बसली आणि काही न लपवता सांगून टाकलं. चित्र खोटं होतं, मोगऱ्यात काही खोट नव्हती, तिच्या हातातही नव्हती.

आत्या गुडघा चोळत म्हणाली,

"मला काय उत्तर-दक्षिण कळत नाय व्हय गं? सारा जलम फुलांत गेला. उत्तरेच्या भिंतीला मोगरा धरत नाय, हे आमच्यातलं लहान पोरबी सांगंल."

"मग घेतलंस कशाला?"

"तुझं चित्र व्हतं ना. म्हटलं, पोरगी शिकलेली हाय, तिनं ऊन दाखवलंय म्हंजी येत आसंल. माझंच कायतरी चुकत आसंल."

कोठावद्यांवर ओरडता आलं असतं, सरांना शिव्या घालता आल्या असत्या. आत्यावर काय ओरडणार? साधनाने पोतं उन्हात ओढून दिलं आणि तशीच उठून गेली.

सोमवारी तिने खरेदीच्या कागदावर दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव लिहिलं. कोठावद्यांनी ते खोडून पहिल्याचं लिहिलं. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तिने राजीनामा लिहून दिला. पुढे घरातल्या एका टेबलावर, एका कॉम्प्युटरवर तिने स्वतःचं काम सुरू केलं, त्या संथ सॉफ्टवेअरवर. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण, तारीख आणि वेळ. ते बघून बरेच बिल्डर परत जायचे. "उत्तरेला थोडं ऊन टाका ना मॅडम," असं म्हणणाऱ्या एकाला तिने अर्धा प्यालेला चहा ठेवायला लावून बाहेर काढलं होतं.

आत्याच्या मोगऱ्याच्या कुंड्या तिने आपल्या दक्षिणेच्या खिडकीत आणल्या. पहिली फुलं ती ओंजळीत घेऊन आत्याकडे गेली, तेव्हा दुपारीही तिथे ट्यूबलाइट लागलेली होती. ट्यूबलाइटखाली फ्रेम करून ते १९९६चं चित्र टांगलेलं होतं, पिवळ्याधमक उन्हातल्या बाल्कनीचं. ते काढून टाक, असं साधनाने किती वेळा सांगितलं, पण आत्या ऐकत नाही. लय छान काढलंय, म्हणते. साधना तिथे गेली की त्या भिंतीकडे पाठ करून बसते.