दादाजीभाऊंचे अकरा औट

आमच्या गावचे दारूकाम करणारे दादाजीभाऊ ठार बहिरे होते. तीस वर्षं औट वाजवल्यावर दुसरं काय होणार? औट म्हणजे लोखंडाचं जाड भांडं. त्यात दारू ठासायची, वर माती दाबायची आणि वातीला बत्ती द्यायची. माघात देवीच्या पालखीला अकरा औटांची सलामी असे. अकराही ओळीत, सगळ्यांना मिळून एकच लांब वात. जो वाजला नाही तो 'मुका'. मुक्याजवळ जायचं नाही, हा धंद्यातला पहिला नियम. पण धुरात मुका दिसतो कुठे? तो मोजूनच कळतो, आणि मोजायला कान लागतात.

ते कान त्यांच्या बायकोचे, इंदुताईचे. ती समोर उभी राहून प्रत्येक बार उडाला की एक बोट उघडायची. दहा बोटं संपली की अकराव्याला पदर हलवायची. पदर हलल्याशिवाय भाऊ धुरात पाऊल टाकत नसत.

चौपन्न सालच्या जत्रेला सकाळीच दोघांचं बिनसलं. "आता पुरे करा हे काम," असं ती हातवारे करून सांगत होती. भाऊ तडकले. "मले पायाले समजते! जमीन हादरली का मोजतो मी. तुही गरज नाई!"

"मंग मोजा तुमचे तुमीच," म्हणत इंदुताईने पाण्याची घागर उचलली आणि ती पालखीपुढे पाणी शिंपणाऱ्या बायकांत जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्याची अक्कल चरायला गेली होती, मी तर स्पष्टच म्हणेन.

दुपारी भाऊंनी बत्ती दिली. धडाधड बार उडाले. नेमके तेव्हाच शेजारी दंडारवाले नाचत होते, जमीन नुसती दणाणत होती. भाऊंच्या पायांनी अकरा मोजले आणि ते भांडी गोळा करायला निघाले धुरात.

इंदुताईने रुसूनही मोजले होते. दहाच!

गाव ओरडायला लागलं. बहिऱ्याला ओरडून काय उपयोग, हे तिला एकटीलाच सुचलं. ती धावली आणि भरली घागर तिने भाऊंच्या पाठीवर फेकली. भाऊ भिजून गर्रकन वळले, शिव्या देत तिच्या अंगावर चालून आले. चार पावलं आले असतील, तोच मागे अकरावा फुटला. या वेळी पायांना बरोबर समजलं. भाऊ मटकन खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले.

पुढच्या वर्षीपासून इंदुताई वातीच्याच सुताची लांब दोरी त्यांच्या कमरेला बांधायची. एक बार, एक झटका. पोरं हसायची. "बैल बांधला का जी?" विचारायची. भाऊंना ऐकू येत नसे, आणि आलं असतं तरी ते हसलेच असते. अकरावा झटका बसला की ते भांडी गोळा करायचे आणि दोघं घरी निघायची. ती पुढे, ते मागे, दोरी तशीच बांधलेली. घर येईपर्यंत ती सोडायचं कुणालाच आठवत नसे.