तालमीची माती

आज कोपऱ्यावरच्या तालमीत नवी लाल माती कालवत होते. हळद, ताक आणि तेलाचा तो वास आला, आणि स्वातंत्र्यापूर्वीचे वाशिममधले आमचे अंगण डोळ्यांपुढे उभे राहिले.

अर्धांगवायू झालेल्या वडिलांना रोज सकाळी शेजारी उचलून उन्हात आणत. परक्या हातांत ते डोळे मिटून घेत. ते पाहवेना, म्हणून मी, पस्तिशीतला संकोची शाळामास्तर, पोरांचे हसणे सोसून तालमीत जाऊ लागलो.

एके सकाळी मी त्यांना प्रथमच एकट्याने उचलले. माझ्या मानेवरची माती हुंगून ते म्हणाले, “काय मास्तर, तू त पहेलवान झाला! आता कोनाले हाक मारू नको, बाप्पा.” त्यांचे डोळे उघडे होते.

त्यानंतर मी तालीम कधी चुकवली नाही. दिवसेंदिवस ते मला हलके वाटू लागले आणि त्याचे श्रेय मी जोर-बैठकांना देत राहिलो. ते झिजत चालले होते, हे त्यांना अखेरचे उचलून जमिनीवर ठेवताना कळले.

त्यांना ते आधीच ठाऊक असावे. तरीही ते रोज मला पहेलवान म्हणत.