मोटारीच्या खोलीची किल्ली

मी मुळात कमी बोलणारा. त्यातून साहेब झालो तेव्हा उरलंसुरलं बोलणंही आटलं. ठिबक सिंचनाची दुरुस्ती करणाऱ्या आमच्या सोलापूरच्या ऑफिसात सगळी माणसं बाहेरच असतात. कोणी बार्शीकडे, कोणी अक्कलकोटकडे. टेबलाशी बसून त्यांच्या वेळेवर लक्ष ठेवणं हे माझं काम. शेतावर पोचलं की मोबाईलवर हजेरी लावायची, निघताना पुन्हा लावायची. मधला वेळ माझ्या स्क्रीनवर दिसतो.

अक्कलकोटकडचा आमचा मेकॅनिक माझ्याच बरोबरीचा. तरुणपणी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी गावं पालथी घातली, एका डब्यात जेवलो. पुढे मला खुर्ची मिळाली, त्याला नाही. तेव्हापासून तो मला 'साहेब' म्हणायला लागला आणि मी त्याच्या नजरेला नजर देणं टाळू लागलो. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एकदा त्याला एका शेतावर फारच वेळ लागलेला दिसला. सरळ फोन करून विचारायचं, की बाबा, काय अडलं? मला ते जमलं नाही. मी शेतकऱ्याला फोन केला. "आमचा माणूस खरंच आला होता का? किती वेळ होता?" आला होता, पाइप फुटला होता, काम झालं, असं उत्तर आलं. तिथं थांबायला हवं होतं. पण मला ही वाट सोपी वाटली. मग दुसऱ्या शेतकऱ्याला फोन केला, मग तिसऱ्याला. त्याच्या भागातल्या बहुतेक प्रत्येक घरी मी असंच विचारून घेतलं.

नंतर त्याचा वेळ आणखी वाढायला लागला. फिल्टर धुण्यासारखं किरकोळ काम अख्खी दुपार खाई. मी लेखी ताकीद दिली. "बरं साहेब," म्हणाला. पंधरवड्याने समोर येऊन उभा राहिला.

"मला गोडाऊनला टाका."

उभा जन्म शेतातून फिरलेला माणूस गोडाऊनच्या पत्र्याखाली खोकी मोजत बसणार? मी म्हटलं, "आधी उद्या तुझ्याबरोबर येतो." का म्हटलं, माझं मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कितीतरी वर्षांनी त्याच्या मागे बसलो. अक्कलकोटच्या अलीकडे एका उसाच्या शेतावर पोचलो. त्याने हजेरी लावली आणि चिंचेखाली बसला.

"चल की, काम?"

"मोटारीच्या खोलीला कुलूप हाय."

"किल्ली?"

"मालकीण आक्का आणतील. येतील सवडीनं."

मला आठवलं, पूर्वी किल्ली गोठ्यात खिळ्याला असायची. आमचा माणूस यायचा, किल्ली काढायचा, काम करून परत अडकवायचा. मालक घरी असो वा नसो. साऱ्या भागात हीच रीत.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आक्का आल्या. हातात खुरपं, कमरेला किल्ली. "बर्री, कूड्री," असं कानडीत 'या, बसा' म्हणून त्यांनी मला बाजेवर बसवलं. मी विचारलं, "किल्ली पहिल्यासारखी गोठ्यात का ठेवत नाही?"

"तुमीच की फोन केलता!" आक्का म्हणाल्या. "खरंच आलता का, किती वेळ हुता. आमाला वाटलं, ह्येनं कुटंतरी हात मारला आसंल. तुमच्या हापिसाचाच इस्वास न्हाय, मग आमी किल्ली कशी सोडावी?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधलेलीच होती ती.

"मला बोलला का नाहीस?"

"तुमच्याच फोनची तक्रार तुमच्याकडंच काय करू?"

मी बाजेवरून उठलो. "आक्का, याने काही केलेलं नाही. कधीच नाही. याला विचारायची मला लाज वाटत होती, म्हणून तुम्हाला विचारत बसलो. चूक माझी आहे."

"आमालाच इचारलं का समद्यास्नी?"

"सगळ्यांना."

"मग हिंडा की आता समद्यांच्या दारात! फोन करायला लई सोपं असतंय." मग त्याच्याकडे वळून, "तम्मा, पाणी पी आदी."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पूर्वी त्या त्याला अशीच हाक मारायच्या, हे त्याने मला वाटेत सांगितलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्याही दिवशी आम्ही दारोदार गेलो. प्रत्येक ठिकाणी तेच बोलायचं, आणि ते दर वेळी तेवढंच जड. एका बांधावर तो हळूच म्हणाला, "साहेब, तुमी हजेरी लावली का? न्हायतर तुमच्या घरी फोन जायचा." मी हसलो. आम्ही दोघंही हसलो.

सगळ्यांनी किल्ल्या दिल्या नाहीत. एक म्हातारा अजून स्वतःच कुलूप उघडतो आणि काम होईपर्यंत शेजारी उभा राहतो. हजेरी अजून मोबाईलवरच लागते, ती लागायलाही हवी. मात्र वेळ लांबला की मी आता त्यालाच फोन करतो. ताकीद मी लेखीच मागे घेतली. गोडाऊनचं विचारलं तर म्हणाला, "राहू द्या. पावसाळ्यात चिखल झाला की बघू."

परवा आक्कांच्या शेतावर त्याला पुन्हा वेळ लागलेला दिसला. फोन केला. "काय अडलंय?"

"व्हॉल्व्ह गेलाय, बदलतोय."

"आणि आक्का?"

"लेकीकडं गेल्यात, कालच."

"मग खोली कशी उघडलीस?"

पलीकडे मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, आणि त्यावरून ओरडून तो म्हणाला, "खिळ्यालाच हुती की!"