एकोणीस मतं

मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंना ड्युटीचा कागद आला, तो त्यांनी वाचलाही नाही. चार वर्षांत संसदेची ही तिसरी निवडणूक. सरकारं वर्षभर टिकत नव्हती, रस्त्यांवर टायर पेटत होते आणि केंद्रप्रमुख म्हणून नेमकं बाईंचंच नाव निघत होतं.

"वहिनी, या खेपेला तरी नाही म्हणा," नणंद म्हणाली. नवरा गेल्यापासून घरात दोघीच. "मागच्या वेळी खांद्यावर दगड बसला, तो अजून दुखतोय."

"नाही म्हणायला अर्ज करा, डॉक्टरचा दाखला आणा. त्यापेक्षा जाऊन बसणं सोपं."

केंद्र त्यांच्याच शाळेत, सातवीच्या वर्गात होतं. विरोधकांनी बहिष्कार पुकारला होता, त्यामुळे दुपारपर्यंत जेमतेम एकोणीस माणसं आली. दारातला पोलीस पेंगत होता. बोटांना शाई लावायला बसलेले पीटीचे सर म्हणाले, "बाई, शाई वाळून चालली."

"वाळू दे. आपण तरी कुठे ओले राहिलोय."

दोनच्या सुमारास सत्ताधारी पक्षाचे आठ-दहा जण आत घुसले. पोलीस पाणी प्यायला म्हणून उठला, तो गेलाच. पुढे होता कोपऱ्यावरचा लोखंड-सामानवाला. त्याची मुलगी बाईंच्या वर्गात होती.

"बाई, उरलेल्या मतपत्रिकांवर शिक्के आम्ही मारतो. तुम्ही फक्त मागे केंद्रप्रमुखाच्या सह्या करा."

"किती?"

"साडेसहाशे."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "एवढ्या सह्या माझ्याच्यानं व्हायच्या नाहीत."

"चेष्टा नको, बाई."

"चेष्टा कसली? पहाटे पाचपासून बसलेय. एकोणीस आले, एकोणीसच लिहिणार. मारायचं असेल तर मारा, पण काय ते लवकर उरका."

मारायला आलेल्या माणसाला असं कुणी सांगत नाही. तो बाजूला सरला. मग त्याच्या माणसांनी टेबल उलथलं, पेटी उचलली आणि निघून गेले. शाईची बाटली बाईंच्या पदरावर सांडली. सरांनी टेबल सरळ केलं आणि बाईंनी अहवाल लिहिला: पेटी पळवली, पडलेली मतं एकोणीस. खाली एकच सही केली.

पंधरा दिवसांनी त्याच वर्गात फेरमतदान झालं. दारात सैनिक होते, म्हणून दोनशेच्या वर लोक आले. रांगेत लोखंड-सामानवालाही होता. टेबलाशी येऊन तो घुटमळला. काहीतरी बोलायचं होतं त्याला.

"बोट पुढे करा," बाई म्हणाल्या. "मागे माणसं खोळंबलीत."

संध्याकाळी पेटी सैनिकांच्या गाडीत चढवून, पोच घेऊन त्या घरी आल्या आणि लुगडंही न बदलता आडव्या झाल्या. दुसऱ्या रात्री निकाल लागला तेव्हाही त्या आडव्याच होत्या; नणंदेनं रेडिओ मोठा केला. कुणालाच बहुमत नव्हतं.

"म्हणजे पुन्हा?" नणंदेनं विचारलं.

बाईंनी कूस बदलली. "आवाज बारीक कर गं जरा."