आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर

लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या मराठी मंडळात नाटकाचं सामान सांभाळणारे एक गृहस्थ होते. प्रत्येक वाक्याआधी "बघा हं वहिनी" म्हणायचे आणि दिलेली वस्तू परत हातात पडेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

मी तेव्हा पन्नाशीची, पण स्वतःला मोठी नटी समजायचे. खुनी सासूच्या कामासाठी मला लांब नळीचं खोटं रिव्हॉल्व्हर हवं होतं.

"बघा हं वहिनी, लांब नळी पदरात अडकेल. हे आखूड कमरेला खोचा."

खोचलं, तर दिसेचना! "आता अशीच बसनं घरी जाते, सवय होईल," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. "बघा हं वहिनी, खोटं आहे हे तुम्हाला माहीत. पोलिसांना नाही." त्यांनी हात पुढे केला. मी ते काढून दिलं.

प्रयोगात ऐन खुनाच्या वेळी ते रिव्हॉल्व्हर घसरून परकराच्या नाडीत अडकलं. मी पदराआडून बोटच रोखलं. विंगेतून 'ठो' झालं, टाळ्या पडल्या. त्या कौतुकात सगळं विसरून मी कोट चढवला आणि बससाठी निघाले.

दारात ते उभे. "बघा हं वहिनी, काम झकास. पण ते आधी द्या."

आणि पाठ फिरवून, हात तेवढा मागे पसरून उभे राहिले.